उघड्या फाटकाची गाय

ज्याने आपली गाय चोरली, तोच माणूस दुसऱ्या दिवशी आपल्यासाठी जेवण घेऊन दारात उभा राहतो, हे प्रेस्टन विल्कमच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. म्हणून तो मघापासून तेच तेच सांगत होता.

"ट्यूनाचं कॅसरोल! शेवया, मासे, वर बटाट्याच्या वेफर्सचा चुरा. आणि मला म्हणतो, खाऊन घ्या, पोटात काही गेलं की बरं वाटतं. चोर तो चोर आणि वर शिरजोर!"

"चांगलं होतं?" नेट्टा हॉफलँडने विचारलं.

"काय?"

"कॅसरोल."

"चांगलं होतं. पण मुद्दा तो नाही."

नेट्टाच्या मते मुद्दा तोच होता. ती सरकारी डाग-तपासनीस. बाजारात येणाऱ्या गुरांच्या कुल्ल्यांवरचे मालकांचे डाग वाचायचे, कुणाची गाय कुणाच्या कळपात शिरली ते शोधायचं, ही तिची नोकरी. नको तिथे नाक खुपसायची तिला लहानपणापासून खोड होती, आणि अमेरिकेतलं मोंटाना राज्य त्या खोडीचा पगार देत होतं. लबाड माणसं तिने पोत्याने पाहिली होती. डागावर डाग देऊन अक्षर बदलणारे, गाय ट्रकमध्ये चढवून वर शिट्टी वाजवणारे. पण चोरी करून मागाहून स्वयंपाक पोचवणारा चोर तिच्या वाट्याला आजवर आला नव्हता.

"एकदाच आला का तो?"

"तीनदा! दुसऱ्या खेपेला हरणाचा रस्सा. तिसऱ्या खेपेला गोड ॲपल-पाय. आणि त्या दुसऱ्या खेपेला सहज विचारल्यासारखं विचारतो, तुम्ही बंदूक कुठे ठेवता हो? आता सांगा. घर हेरायलाच येत होता की नाही?"

चोरीचा माल कुठे आहे याबद्दल मात्र वादच नव्हता. विल्कमच्या मुकादमाने गाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. शेजारच्या इव्हार स्कोगनच्या कुरणात, अगदी रस्त्यालगत, उजव्या कुल्ल्यावर विल्कमचा डाग मिरवत ती रवंथ करत बसली होती. काळी, तरणी, गाभण. विल्कमच्या कळपातली सर्वांत चांगली गाय.

"मी वकिलाशी बोललोय," विल्कम म्हणाला. "परवाचा सोडून पुढच्या सोमवारी शेरीफ येतोय. म्हातारा असला म्हणून काय झालं? गुरं चोरली की तुरुंग. इथला कायदाच आहे ना तसा?"

"आहे," नेट्टा म्हणाली. "सोमवारपर्यंत मला जरा फिरू द्या."

विल्कम टूथब्रशचा कारखाना चालवून, मग तो विकून दोन वर्षांपूर्वी या टिनकप खोऱ्यात आला होता. त्याची टोपी नवी होती, बूट नवे होते, आणि दोन्ही त्याला चावत असावेत असा त्याचा चेहरा होता. भर दुपारी घराचे पडदे ओढलेले होते आणि स्वयंपाकघरात रेडिओ इतका मोठा लावलेला होता की नेट्टाला दोनदा ओरडून बोलावं लागलं. बायको कुठे दिसत नव्हती. हुकावर बाईमाणसाचा एक कोट होता, त्याच्या खांद्यावर धूळ बसली होती. नेट्टाने ते पाहिलं आणि विचारलं नाही. नाक खुपसण्यालाही काही रीत असते.

बाहेर पडताना तिने कुरणाचं फाटक पाहिलं. त्या मुलखात असतं तसंच, काटेरी तारांचं आणि काठ्यांचं, शेवटची काठी खांबाला लावून वरून तारेचा फास चढवायचा. फाटक जमिनीवर आडवं पडलं होतं. येतानाही तसंच होतं; तारांमधून गवत वर आलं होतं, आणि विल्कमच्या तळहातांवर तारेचे ओरखडे तिने मघाशीच पाहिले होते. नेट्टाने ते तसंच राहू दिलं. दुसऱ्याचं फाटक जसं दिसलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद, हे तिकडच्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

*

इव्हार स्कोगन गोठ्यापाशी घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. पंच्याहत्तरी उलटलेली, अंगावर मांस बेताचंच. नेट्टाने आपली ओळख सांगितली तेव्हा त्याने खूर सोडला आणि हात विजारीला पुसला.

"गाय बघायला आलीस? ती बघ, तिथं."

"ही विल्कमची गाय आहे, मिस्टर स्कोगन."

"डाग वाचता येतो मला."

"मग इथं कशी आली?"

"मीच आणली. मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी."

नेट्टाने इतक्या वर्षांत कबुलीजबाब मिळवायला काय काय केलं नव्हतं! इथे तो फुकट मिळाला आणि तिची पंचाईत झाली. उत्तर हातात होतं, कोडं तसंच होतं.

"का आणलीत?"

म्हाताऱ्याने गाईकडे पाहिलं, डोंगरमाथ्यावरच्या नव्या बर्फाकडे पाहिलं.

"चोरी म्हणतोय विल्कम," नेट्टा म्हणाली. "तुरुंगात घालायला निघालाय तुम्हाला."

तेव्हा मात्र इव्हारचा चेहरा पडला. भीतीने नाही. एखाद्याने भर पंगतीत ताटावरून उठवावं तसा पडला. "चोर म्हणाला मला? परत हवी होती तर तसं म्हणायचं. मी नेऊन सोडली असती. पण चोर?" त्याने पुन्हा घोड्याचा पाय उचलला. "मला काही बोलायचं नाही. जे बोलायचं नसतं ते बोलायचं नसतं. शेरीफला ये म्हणावं."

"कॅसरोल का नेत होतात?"

"माणूस जेवत नव्हता म्हणून."

एवढं बोलून त्याने खुरात चिकटलेला खडा काढला आणि नेट्टाकडे पाठ केली. ती पिकअपमध्ये जाऊन बसली, पण किल्ली फिरवायचं तिला बराच वेळ सुचलं नाही. परत मागायची होती, म्हणतो हा. म्हणजे ती कुणी दिली होती?

*

दुसरा दिवस रविवारचा. खोऱ्याच्या तोंडाशी ब्लांश कोवाचिच नावाच्या विधवेची गुरांची रँच होती. खोऱ्यात कुणाच्या घरी काय शिजतंय ते हिला वासावरून कळतं, अशी तिची ख्याती. नेट्टा चौकशीला गेली, आणि तिकडे रविवारी दुपारी दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. टेबलाशी नुकताच अंगणातून आलेला ब्लांशचा थोरला मुलगा आणि सून, मधोमध भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा.

"घे गं. लाजू नकोस. माझ्या गाईचं नाहीये," ब्लांश म्हणाली आणि सगळे हसले.

हा विनोद नेट्टाने गुरांच्या मुलखात हजारदा ऐकला होता. शेजाऱ्याकडे जेवायला जा म्हणजे आपल्या गाईची चव कळेल, असं म्हातारे म्हणतच असतात. तीही हसली आणि सवयीने विचारून बसली, "मग कुणाच्या?"

हसू थांबलं. मुलगा ताटातल्या बटाट्याकडे पाहू लागला. सुनेला एकाएकी मिठाची आठवण झाली.

तेवढ्यात नेट्टाला खिडकीतून अंगणापलीकडचं फाटक दिसलं. तिने आल्यावर ते बंद केलं होतं, नक्की केलं होतं, कारण ते बंद मिळालं होतं. आता ते आडवं पडलं होतं. तारेचा फास खांबाच्या डोक्यावर नीट अडकवलेला होता. फाटकाशी एकच गाय उभी होती, लाल रंगाची, म्हातारी, पाठीचा कणा दिसणारी.

"तुमचं फाटक उघडं राहिलंय. मी लावून येते."

"बस खाली!" ब्लांश इतक्या जोरात ओरडली की सुनेच्या हातून मीठ सांडलं.

ब्लांश उठली. तिने आधी पडदे ओढले, मग रेडिओ मोठा केला. कुणीतरी डुकरांचे बाजारभाव सांगत होतं. ब्लांश परत येऊन बसली, तिने काटा उचलला आणि एक घास तोंडात घालून चावत राहिली, चावत राहिली, पण गिळेना. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मुलगा आणि सून खाली मान घालून भांड्यांचा नको तितका आवाज करत जेवत होते. डुकरांच्या भावातून मधेच पिकअपची घरघर आली, फळ्यांवर खुरांची टपटप झाली, आणि एक गाय हंबरली. ब्लांशने डोळे मिटले. घरघर दूर गेली.

मग तिने रेडिओ बंद केला.

"काही पाहिलंस?" तिने नेट्टाला विचारलं.

"पडदे होते."

"छान. काही ऐकलंस?"

"डुकरं स्वस्त झालीत."

ब्लांशने नाक पुसलं आणि ती हसली. "सरकारी बाई आहेस, पण घरच्यासारखी वागलीस. विचार आता. एकदाच सांगेन."

नेट्टाने विचारलं आणि ब्लांशने सांगितलं. गाय भाकड झाली की बाजारात पाठवायची, ट्रकमध्ये कोंबून, दोन राज्यं ओलांडून खाटिकखान्यात. बाकीच्या जातात तशा. पण एखादी असते. पहिल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात शेगडीपाशी वाढवलेली, नवरा गेला त्या वर्षी वेड्यासारखी मागे मागे फिरलेली. तिला ट्रकमध्ये चढववत नाही. स्वतःच्या हाताने मारवतही नाही. पण हिवाळा तोंडावर आलेला असतो आणि दात गेलेल्या जनावराला उपाशी मरू देणं हे तर पापच. मग रविवारी जेवणाच्या वेळी फाटक आडवं टाकायचं, पडदे ओढायचे, रेडिओ मोठा करायचा. शेजारी येतो आणि चोरून नेतो. तो तिला एका गोळीत, कळायच्या आत संपवतो, मांसही त्याच्याच घरी शिजतं. पुढच्या वर्षी आपण दुसऱ्या कुणाचं तेच काम करतो. आपल्या घरच्या गाईची चव खोऱ्यात कुणालाच माहीत नाही, ती अशी.

"मग सरळ देत का नाही?" नेट्टा म्हणाली. "हे ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?"

"वेडी की काय तू? गाय चोरीला गेली की माणसाला चिडता येतं. दिली की नुसतं रडावं लागतं." ब्लांशने तिच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला. "जेव. थंड होतंय."

*

नेट्टा तशीच इव्हारकडे गेली. गुराढोरांच्या मुलखात जन्मून तिला हे आजवर ठाऊक नव्हतं, याचं तिला नवल वाटत होतं आणि थोडा मत्सरही. पण विल्कमला हे कुणी शिकवलेलं असणं शक्यच नव्हतं. इव्हार ओसरीवर बसला होता.

"त्या रविवारी विल्कमचं फाटक आडवं होतं," ती म्हणाली. "पडदे ओढलेले होते. रेडिओ लावलेला होता. आणि ती गाय एकटी फाटकाशी उभी होती. बरोबर?"

इव्हार चपापला. "ब्लांशच्या तोंडात तीळ भिजत नाही," तो पुटपुटला. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मला वाटलं, चला, शिकला बिचारा. दोन वर्षं झाली, कुणी त्याला विचारत नव्हतं, त्याने आपणहून आपली रीत पाळली. मी गेलो. घरी आणून तोंड उघडून पाहिलं, तर दात सगळे शाबूत."

"धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं विचारायची वेळच नाही आली म्हणायची."

"हसू नकोस, पोरी. दात होते म्हणूनच तर घाबरलो. पोटावर हात ठेवला तर गाभण! आता सांग, माणूस आपली धडधाकट गाभण गाय कधी सोडून देतो? सगळं आवरायला निघालेला असतो तेव्हा. माझ्या भावाने असंच केलं होतं. आधी घोडे वाटले. मग खोगीर दिलं. मग..." त्याने वाक्य तसंच सोडलं. "म्हणून जात होतो. जेवतोय का बघायला. बंदूक कुठे आहे बघायला."

हे सांगायलाच हवं होतं, पण तिला सांगवेना.

"मिस्टर स्कोगन, त्याचं फाटक रोजच आडवं असतं. त्याला ते लावता येत नाही."

"काय येत नाही?"

"फाटक लावायला. फार ताठ आहे ते. काठी खांबापर्यंत ओढायला जोर लागतो, त्याच्या अंगात तो नाही, आणि कुणाला विचारायची लाज वाटते. पडदे तो उघडतच नाही. रेडिओ दिवसभर चालू असतो."

इव्हार तिच्याकडे बघतच राहिला. फाटक लावता न येणारा मोठा माणूस जगात असू शकतो, हे त्याच्या पंच्याहत्तर वर्षांत त्याच्या कानावर आलं नव्हतं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या जागी जे आलं ते पाहून नेट्टाला वाटलं, राग होता तेच बरं होतं.

"म्हणजे त्याने दिलीच नव्हती," तो म्हणाला. "म्हणजे मी खरंच चोरली."

"तसं नाही..."

"तसंच आहे. मालक देत नसताना नेली, त्याला दुसरं काय म्हणतात? तूच सांग, तुझी नोकरी आहे ती." तो उभा राहिला. "शेरीफ आला की त्याला मी स्वतः सांगणार. चोर आहे म्हणून."

नेट्टाने पुष्कळ समजावलं. पण सरळ माणसाला वाकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. आता त्याला वाचवू शकणारा खोऱ्यात एकच माणूस होता, आणि तो वकिलाशी बोलून बसला होता.

*

विल्कमने सगळं ऐकून घेतलं. आधी हसला, मग चिडला, मग बंदुकीची गोष्ट आली तेव्हा त्याने उठून रेडिओ बंद केला. घर इतकं शांत झालं की नेट्टाला भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

"त्याला वाटलं, मी मरायला निघालोय?"

"हो."

विल्कम हुकावरच्या कोटाकडे पाहत होता. "माझी बायको, कॅरोलिन, एप्रिलमध्ये मला सोडून गेली. परत येणार नाहीये. मी इथं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "म्हाताऱ्याने विचारलं होतं म्हणजे, त्याच्या परीने."

फाटक वाचण्यात म्हाताऱ्याची चूक झाली होती, पण माणूस त्याने बरोबर ओळखला होता.

"माझ्याकडे एक आहे," विल्कम एकदम म्हणाला. "ऑगस्टा. मी घेतलेली पहिली गाय. एका डोळ्याने आंधळी, मला फसवून विकली होती. या वर्षी गाभण राहिली नाही. मुकादम म्हणतो, ट्रकमध्ये घाला. मी रोज उद्यावर ढकलतोय." त्याने नेट्टाकडे पाहिलं नाही. "येत्या रविवारी जेवायला या."

"फाटक उघडं टाकून आता काही उपयोग नाही. तुमचं फाटक काही सांगत नाही, हे त्याला कळलंय."

"ते मी बघतो," विल्कम म्हणाला.

*

रविवारी नेट्टा पोचली तेव्हा फाटकाशी एका डोळ्याने आंधळी ऑगस्टा एकटीच उभी होती. तारेचा फास खांबाच्या डोक्यावर, जसा हवा तसा. आणि खांबापाशी खाली गवतात इव्हारची तीनही भांडी घासून पुसून, एकात एक घालून ठेवलेली होती.

"रिकामं भांडं परत करत नाहीत इकडे," नेट्टा जेवायला बसताना म्हणाली.

"मला ठाऊक आहे. तेवढं माझ्या आईनेही शिकवलं होतं. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून टूथब्रश घातलेत. माझ्या कारखान्याचे."

"त्याला कवळी आहे."

विल्कमने कपाळावर हात मारला. मग दोघंही हसली. पडदे ओढलेले होते. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. ताटात करपलेली अंडी होती. नेट्टा मनात म्हणत होती, ये रे बाबा. आज आला नाहीस तर उद्या शेरीफच्या गाडीत बसशील.

अंडी गार झाली. हवामान संपलं, प्रवचन सुरू झालं. विल्कमचा पाय टेबलाखाली हलत होता.

आणि पिकअपची घरघर आली.

विल्कम खुर्चीतून अर्धा उठला. "बघायचं नाही," नेट्टा म्हणाली. तो बसला. फळ्यांवर खुरं वाजली. एकदा वाजली, थोड्या वेळाने पुन्हा वाजली. एक गाय हंबरली आणि विल्कमने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. टूथब्रशवाला हा माणूस एका भाकड गाईसाठी रडत होता आणि नेट्टाला त्याचं मुळीच हसू आलं नाही.

पण गाडी जाईना. ठाक, ठाक, ठाक, असा आवाज यायला लागला. मग करवतीसारखं काहीतरी. मग पुन्हा ठाक, ठाक.

"काय करतोय तो?" विल्कम ओल्या डोळ्यांनी कुजबुजला.

"मला काय माहीत?"

"बघू का?"

"नाही." नेट्टाचा स्वतःचा जीव कुतूहलाने टांगणीला लागला होता. पडद्याची कड हातभर अंतरावर होती. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. उभ्या आयुष्यात तिने इतकं अवघड काम केलं नव्हतं.

घरघर दूर गेली तशी दोघं धावत बाहेर आली. ऑगस्टा नव्हती. भांडी नव्हती, टूथब्रशही नव्हते. कुरणात काळी गाभण गाय उभी होती, जणू मधला महिना झालाच नव्हता.

आणि फाटक बंद होतं. खांबाला हातभर लांब, नव्याने तासलेला लाकडी दांडा तारेने जोडला होता. विल्कमने दांडा ढकलला, फास सुटला, फाटक सैल पडलं. दांडा ओढला, फाटक आपसूक ताठ होऊन खांबाला चिकटलं. एका हाताने, लहान पोरालाही जमावं असं. त्याने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"उद्या शेरीफ येईल," तो दांड्यावरचा हात न काढता म्हणाला. "त्याला काय सांगू?"

नेट्टाने फाटकाकडे पाहिलं.

"सांगा, फाटक नादुरुस्त होतं. शेजाऱ्याने दुरुस्त करून दिलं."